झुंबरबाईच्या ओटीतली नाचरी

चोरीची वस्तू कुणी दुकानाच्या दर्शनी फळीवर काचेच्या पेटीत घालून ठेवतं का? येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी, वर पिवळा दिवा लावून? एवढा साधा विचार ज्याला करता येत नाही, त्याच्या पदव्या भिंतीवर टांगून काय उपयोग? पण यज्ञेश्वरचा पुण्याहून फोन आला तो नेमका तसल्या सुरात.

"झुंबरबाई, आईच्या सामानात ती इटालियन बाहुली सापडत नाहीये. चुकून तुमच्याकडे आलीय का?"

झुंबरबाईच्या एका हातात उलथणं, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरलेला. तव्यावर टम्म फुगलेली पोळी तशीच जळाली, आणि जळक्या पोळीचा वास कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत पहिल्यांदाच पसरला असेल.

"चुकून कशी ईल, दादा? तिला पाय हायत खरं, पण जिना उतरून आपली आपण न्हाय आली ती. ताईंनी दिलीया मला. तुमच्यासमोर दिलीया की."

"हो, हो, तसं काही नाही. आम्ही रविवारी येतोच आहोत. समोरासमोर बोलू."

आणि फोन ठेवला. 'तसं काही नाही' म्हणजे कसं काही नाही? झुंबरबाईनं जळकी पोळी चिमट्यानं उचलून बाजूला फेकली. शेजारी कणकेचे गोळे करत बसलेल्या वर्षाराणीनं विचारलं, "काय झालं काकू?"

"काय न्हाय. मला चोर म्हणतोय. मोठ्या मायेनं म्हणतोय, येवढंच."

झुंबरबाई मूळची शिरोळकडची. माहेर उसाचं, सासर उसाचं. नवरा आकाराम साखर कारखान्याला ऊस वाहायचा आणि एका हंगामात उलटलेल्या ट्रॉलीखाली गेला. झुंबरबाईची तेव्हा तिशी कुठं सरत होती. पुढचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कुणी बोलत नाही. बोललं पाहिजे. ज्या बायका तिच्याबरोबर पाण्याला जायच्या, शेतात तण भांगलायला जायच्या, त्यांनीच धरून तिच्या बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं, आणि वर म्हणाल्या, आमच्या हातात काय आहे, रीत आहे. हातात दगड होता की त्यांच्या!

पोरीला, मोनाला, कडेवर घेऊन ती कोल्हापुरात आली. एका मेसमध्ये भाकऱ्या थापल्या, मग दुसऱ्या, मग मंगळवार पेठेत एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर स्वतःचं पोळी-भाकरीचं दुकान टाकलं. तिची भाकरी हातभर आणि कागदासारखी. गिऱ्हाईक रांगेत उभं राहून शिव्या खायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं. मोना शिकली, नेसरीला दिली. आणि त्या पोरीच्या हळदीला, जिला एकटीनं वाढवलं त्या पोरीच्या हळदीला, झुंबरबाई मागच्या बाजूला पुरण वाटत होती. कुणी नको म्हणालं नव्हतं. तिचं तीच जाऊन बसली होती. याचाच राग जास्त येतो. एखाद्या बाईला इतकं वर्षानुवर्षं शिकवायचं, की शेवटी तिला हाकलायचीसुद्धा गरज पडू नये.

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर ताई राहायच्या. यज्ञेश्वरच्या आई. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, करड्या आवाजाच्या. नवरा गेल्यावर एकट्याच. मुलगा-सून पुण्याला. ताईंना दोन वेळचं जेवण खालून जायचं. आधी डबा जायचा, मग झुंबरबाई स्वतः घेऊन जायला लागली, मग दुपारचं दुकान आवरलं की तिथंच बसायला लागली. ताई तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या आणि झुंबरबाई प्रत्येक बातमीवर आपलं मत द्यायची. कुणाचं मत जास्त तिखट ते सांगणं कठीण.

ताईंच्या कपाटात ती होती. वीतभर उंचीची चिनी मातीची नर्तकी, इटलीची. एका पायाच्या चवड्यावर उभी, दुसरा पाय मागं उचललेला, मान कलती, एक हात वर. बोटं इतकी बारीक, की तांदळाचा दाणा जाड वाटावा. पायाच्या बैठकीखाली निळ्या रंगात एक मुकुट काढलेला. आणि घागरा! घागऱ्याला खऱ्या लेससारखी झालर, थरावर थर, गुलाबी आणि पांढरी.

ताईंचे वडील दुसऱ्या महायुद्धात फौजेतले डॉक्टर होते. इटलीत एका बाईचं पोर त्यांनी तापातून वाचवलं. त्या बाईकडं द्यायला काही उरलं नव्हतं. पडक्या घरात तिच्या आजीची ही नर्तकी तेवढी शाबूत होती, ती तिनं डॉक्टरांच्या हातात ठेवली. त्यांनी ती पायमोज्यांत गुंडाळून आणली आणि पुढं लेकीला दिली.

"माझे हात थरथरतात आता," ताई एकदा म्हणाल्या, "तू पूस हिला."

"नको बया. मोडली म्हंजी?"

"तुझ्या हातून मोडणार नाही. तू हातावर भाकरी फिरवतेस ती कधी फाटलीय?"

मग चित्रकलेचा मऊ ब्रश घेऊन झुंबरबाई तिची धूळ झटकायला लागली. ताईंनी सांगितलं, ही झालर खऱ्या लेसचीच आहे. लेस पातळ मातीत बुडवायची आणि भट्टीत घालायची. आत सूत जळून जातं आणि मातीची जाळी तेवढी उरते.

झुंबरबाईनं तिला उजेडाकडं वळवून बघितलं. "चांगली नाचतीया की," ती म्हणाली. "कुणाचं काय खाल्लं न्हाय आन् कुणाला भीत न्हाय." तेव्हापासून तिचं नाव नाचरी.

दर चैत्रात ही नाचरी गौरीच्या आराशीत असायची. चैत्रगौर झोपाळ्यावर बसायची, समोर पायऱ्या मांडायच्या, पायऱ्यांवर खेळणी, करंज्या, कोरलेलं कलिंगड, आणि मधल्या पायरीवर ही. ताईंचे यजमान गेल्यावर मात्र वर्षातून एकदा सून भैरवी येऊन हळदीकुंकू करायची, आणि ताई आतल्या खोलीत कैरीची डाळ वाटून द्यायच्या. आयुष्यभर कॉलेजच्या पोरांना क्रांत्या शिकवलेली बाई! आतल्या खोलीत! झुंबरबाई खालून पन्ह्याचं पातेलं आणून दारातच ठेवायची.

मग शिरोळ तालुक्यातल्या एका गावानं ग्रामसभेत ठराव केला, की आमच्यात यापुढं कुणा बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत आली. ताईंनी ती मोठ्यानं वाचली, आणि चष्मा काढून म्हणाल्या, "झुंबर, तुझ्या तालुक्यातली माणसं शहाणी झाली. आपण दोघी मूर्खच राहिलो की गं."

पुढच्या चैत्रात आरास ताईंनी स्वतः मांडली. बोलावणं सगळ्या बायकांना, कुणी सवाष्ण आहे का हे न विचारता. शेजारच्या दोघीतिघी दारातूनच डाळ घेऊन परत गेल्या. बाकीच्या थांबल्या. झुंबरबाई नेहमीसारखी पातेलं ठेवून वळली, तशी ताई गरजल्या, "कुठं निघालीस? बस पाटावर."

"ताई, नको. मला न्हाय चालत."

"कुणाला चालत नाही? नाव सांग, मी त्याला बोलावून घेते."

बायका हसल्या. झुंबरबाई बसली. भैरवीनं तबक धरलं होतं, दोन्ही हातांनी. ताईंनी त्यातली हळद लावली, कुंकू लावलं. इतक्या वर्षांनी कपाळाला बोट लागलं तेव्हा झुंबरबाईनं मान मागं घेतली, लहान पोर औषधाला घेतं तशी. मग ओटी. भिजवलेले हरभरे, खण, नारळ. आणि ताईंनी वळून मधल्या पायरीवरची नाचरी उचलली, थरथरत्या हातांनी, आणि पदरात ठेवली.

"जिची होती त्या बाईनं माझ्या वडिलांना दिली, त्यांनी मला दिली, मी तुला देते. ही आता तुझी."

यज्ञेश्वर कोपऱ्यात फोन घेऊन उभाच होता. "आई, इकडे बघ. झुंबरबाई, हसा जरा. भैरवी, तबक थोडं खाली घे, बाहुली झाकतेय." फोटो काढले आणि त्याच दिवशी फेसबुकवर टाकले. खाली लिहिलं, 'माझ्या आईनं घातलेला नवा पायंडा. बदलाची सुरुवात घरातून.' लोकांनी वाहवा केली. कुणी लिहिलं, धन्य ती माता. कुणी लिहिलं, धन्य तो सुपुत्र. सुपुत्रानं प्रत्येकाला हात जोडून आभार मानले.

ताई पुढच्याच हिवाळ्यात गेल्या. शेवटी शेवटी अंथरुणातच होत्या, त्यांचं सगळं झुंबरबाईनंच काढलं. वरच्या घराला कुलूप लागलं. झुंबरबाईनं गल्लीतल्या फ्रेमवाल्याकडून काचेची पेटी करून घेतली आणि नाचरी दुकानात ठेवली, तव्यापासून लांब, धूर लागू नये अशा फळीवर. गिऱ्हाइकं विचारायची, ही कोण? झुंबरबाई सांगायची, "ताईंनी ओटीत घातलीया. इटलीची हाय. भाकरी खात न्हाय, न्हाईतर तुमच्या आधी नंबर लावला असता."

सगळं सुरळीत होतं. मग तो फेसबुकवरचा फोटो फिरत फिरत मुंबईतल्या जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याला दिसला. त्यानं यज्ञेश्वरला कळवलं, की तुमच्या फोटोतली मूर्ती शंभराहून जास्त वर्षांची दिसते, झालर इतकी शाबूत सहसा मिळत नाही, विकणार का? आणि यज्ञेश्वरला आईची आठवण दाटून आली.

रविवारी दोघं आली. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून, भैरवी साडीच्या निऱ्या उचलून. दुपारची वेळ, रांग सरली होती. वर्षाराणी तेवढी भाकऱ्या थापत होती.

"या दादा, या वहिनी. बसा. च्या सांगू?"

"नको, नको. तुम्हाला उगाच त्रास." यज्ञेश्वरनं वर फळीकडं बघितलं. "अरे वा, छान ठेवलीय की! झुंबरबाई, तुम्ही आईचं इतकं केलंत, आम्ही विसरणार नाही. तुम्ही इतके दिवस ही सांभाळलीत हे तर..."

"सांभाळली न्हाय. माजी हाय."

"तसं नव्हे हो. आईचं वय झालं होतं शेवटी. त्या दिवशी भावनेच्या भरात..."

"भावनेच्या भरात? दादा, त्या दिवशी त्यांनी तुमचं शर्टाचं बटण उघडं हाय म्हणून सगळ्यांम्होरं झापलं तुमाला. शुद्धीवर व्हत्या की चांगल्या."

वर्षाराणी खुदकन हसली. यज्ञेश्वरचा हात आपोआप बटणाकडं गेला.

आता भैरवी पुढं सरसावली. तिचा आवाज मऊ होता, आणि मऊ आवाजातच माणसं सगळ्यात वाईट बोलतात.

"हे बघा, वाईट वाटून घेऊ नका. पण ओटी म्हणून तुम्ही जे म्हणताय ना, ते रीतीनं बघितलं तर... म्हणजे तुमची ओटी तशी भरत नाहीत ना. आणि आईंच्या हातून तर... म्हणजे त्याही तशा, आणि तुम्हीही. म्हणजे ती ओटी धरता येत नाही. आईंनी ठेवायला दिली असंच समजायचं."

वर्षाराणीच्या हातातली भाकरी थांबली. झुंबरबाईनं भैरवीकडं बघितलं. समोरच्या बाईनं त्या दिवशी तबक धरलं होतं. तिच्या नवऱ्यानं फोटो काढून हजार लोकांना दाखवला होता. लोकांच्या टाळ्या घेताना ती ओटी होती, आणि वस्तू परत हवी झाली तेव्हा ती ओटी नव्हती! म्हणजे ती दुपार, ते बोट, ते कुंकू, सगळं खोटंखोटं खेळलेलं होतं, आणि झुंबरबाई तेवढी त्यात खरी होती. चोर म्हटलेलं एक वेळ चाललं असतं. चोराला निदान माणूस तरी धरतात.

"म्हंजी मी विधवा, ताई विधवा," झुंबरबाई म्हणाली, "म्हणून त्यांचं देणं देणं न्हाय आन् माजं घेणं घेणं न्हाय. असंच की न्हाय वहिनी?"

"असं रोखठोक नका हो बोलू," यज्ञेश्वर म्हणाला. "मला तर हे विधवा वगैरे शब्दच आवडत नाहीत."

"शब्द आवडत न्हाईत तुमाला. बाकी सगळं चालतंय."

ती उठली. हात धुतले, पदराला पुसले. स्टूल ओढून वर चढली आणि काचेची पेटी खाली घेतली. यज्ञेश्वर पटकन पुढं झाला, "सावकाश, सावकाश, झालर..." त्याच्या तोंडून एवढंच आलं. झुंबरबाई पडेल असं त्याला वाटलं नाही.

तिनं पेटी उघडली, नाचरी पाटावर ठेवली. दुकानातल्या देवीच्या फोटोपुढचा करंडा घेतला. फळीवरून एक नारळ काढला. मोनाकडं न्यायला आणलेला हिरवा खण पिशवीतून काढला. ताटात सगळं मांडलं, तांदूळ घेतले.

"काय करताय?" भैरवीनं विचारलं.

"तुमाला द्यायली. पायजे न्हवं? ओटीत आलीया माझ्या, तशी ओटीतच देतो. हातात न्हाय द्यायची. बसा पाटावर, पदर धरा."

हे तिनं जिरवायला केलं नव्हतं, लोक काही का म्हणेनात. तिला खरंच द्यायची होती. तिच्या मनात एवढंच होतं, की या बाईनं एकदा पदर पुढं धरावा. मग ती ओटी झाली, म्हणजे ताईंनी भरलेली पण झाली. मग नाचरी पुण्याला जाऊ दे, मुंबईला जाऊ दे, परत इटलीला जाऊ दे. झुंबरबाईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते नाचरीसाठी नव्हतं.

"घे की," यज्ञेश्वर बायकोला म्हणाला. "एक मिनिटाचं काम आहे."

भैरवी पाटापर्यंत आली. वाकलीसुद्धा. झुंबरबाईनं कुंकवाचं बोट उचललं, आणि भैरवी ताडकन मागं झाली, तव्याचा चटका बसल्यासारखी.

"नको. मला नको."

"अगं, काय लहान मुलासारखं?"

"तुम्ही गप्प बसा हो! गेल्या वर्षी तुमच्या छातीत स्टेंट घातला तेव्हा ती रात्र मी काढलीय, तुम्ही नाही. मी नाही लावून घेणार. काही झालं म्हणजे?" तिचा मऊ आवाज कुठल्या कुठं गेला होता. "तशीच द्या ना हातात. काय फरक पडतो?"

"तुमच्या लेखी काय फरक पडत न्हाय, तर मग धरा की पदर," झुंबरबाई म्हणाली. बोट अजून वर होतं. "मी काय सटवाई हाय व्हय? ताईंचं जेवण ह्याच हातानं गेलं. दादांनी बी दिवाळीत बसून ह्याच हातची भाकरी खाल्लीया, चार चार. तवा न्हाय त्यांचं काय झालं. भाकरी चालती, हगलं-मुतलं काढलेलं चालतंय, कुंकू चालत न्हाय?"

यज्ञेश्वर कधी बायकोकडं बघत होता, कधी नाचरीकडं. शेवटी म्हणाला, "झुंबरबाई, तुम्ही समजूतदार आहात. तिची मनःस्थिती समजून घ्या. मी स्वतः असलं काही मानत नाही."

"मग तुमी धरा. तुमचा रुमाल धरा. मी भरतो तुमची."

वर्षाराणीला आता हसू आवरेना. यज्ञेश्वर लाल झाला. "हा पोरखेळ आहे," म्हणाला, आणि बायकोच्या दंडाला धरून बाहेर पडला. जाताना त्यानं एकदा मागं वळून बघितलं. झालरीकडं.

झुंबरबाई ताट घेऊन त्यांच्या मागं गल्लीत गेली. "वहिनी! ताट तयार हाय! कवा बी या!" गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. गाडीची काच वर गेली आणि गाडी निघून गेली.

ती परत आली तेव्हा वर्षाराणी उभी राहून टाळ्या वाजवत होती. "जिंकलीसा की काकू! हात हालवत गेली दोघं!"

"काय जिंकलं?" झुंबरबाई तिच्यावरच कडाडली. "काय जिंकलं गं? मी द्यायला बसलो आन् तिनं घेतली न्हाय. भिकाऱ्यानं शिळा तुकडा नाकारावा तसं नाकारलं. ताईंनी मला दिली, मला कुणाला देता येत न्हाय व्हय? नेली असती तर आज पेढं वाटलं असतं मी!"

वर्षाराणीनं टाळ्यांचे हात खाली घेतले. तिनं तोपर्यंत एवढंच बघितलं होतं, की नाचरी राहिली.

झुंबरबाईनं नाचरी उचलली, झालरीवर पडलेला तांदळाचा एक दाणा फुंकरीनं उडवला आणि पेटीत ठेवली. ताट तसंच होतं. नारळ, खण, तांदूळ, आणि बोटावर तसंच राहिलेलं कुंकू.

"काकू," वर्षाराणी म्हणाली, "ते ताट कशाला वाया घालवतायसा? मला भरा की."

"तुजा नवरा..."

"त्याला काय हुतंय? दोनदा कोरोना पचवलाय त्यानं, आन् रोज रात्री काय काय पचवतोय ते येगळंच." ती पाटावर बसली. अंगात पंजाबी ड्रेस, त्यावर पिठानं माखलेला एप्रन. पदर नव्हता, तिनं ओढणी पसरली. "नाचरी नको मला, माज्या घरात पोरं दोन दिवसांत तिचं तुकडं करतील. बाकीचं सगळं घाला. आन् कुंकू मोठं लावा काकू, गाडीतनं दिसलं पायजे."

"गेली ती गाडी."

"मग पुण्यापातूर दिसू दे."

झुंबरबाईनं करंड्यात पुन्हा बोट बुडवलं. राग अजून उतरला नव्हता, बोट जोरात टेकलं आणि कुंकू वेडंवाकडं लागलं, भुवईपर्यंत सांडलं. वर्षाराणीनं ते पुसलं नाही. बाहेर गिऱ्हाईक येऊन उभं होतं, आणि भाकऱ्या कधी मिळणार म्हणून विचारत होतं.

"थांबा की जरा, पावणं!" झुंबरबाई आतून ओरडली. "ओटी भरायली मी!"